नवव्या पावलावरची तिपाई

मी आयुष्यात एकदाच खुनाचा पुरावा नष्ट केला. राखेनं घासला, दोन पाण्यांनी धुतला, पदरानं पुसला आणि फळीवर पालथा घालून ठेवला. खून खोटा होता, कप खरा होता, आणि माझी अक्कल त्या दुपारी कुठं गेली होती ते इतकी वर्षं शोधूनही मला सापडलेलं नाही. नातवंडं विचारतात, "आजी, तू तेव्हा एवढी बावळट होतीस?" मी म्हणते, नाही रे बाबांनो, तेव्हा मी फार हुशार होते. बावळट असते तर हातावर हात ठेवून गप्प बसले असते, आणि एका बाईचं शेवटचं काम अर्ध्यात तुटलं नसतं.

त्या बाई म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. धंतोलीत त्यांच्या वडिलांचं दुमजली घर होतं. खाली त्या एकट्या, वर आम्ही भाडेकरू. आपण सगळे एकदाच मरतो, पण आमच्या घरमालकीणबाई चौदा वेळा मेल्या होत्या आणि दर वेळी संध्याकाळच्या चहाला हजर होत्या. सिनेमे काळे-पांढरे होते तेव्हा त्या नायिका होत्या, आणि त्या काळी नायिकेला मरण्यावाचून दुसरं काम फारसं नसे. त्या क्षयानं मेल्या, विहिरीत मेल्या, सावत्र सासूनं दिलेल्या दुधानं मेल्या, एकदा तर नायकाच्या लग्नाची सनई ऐकून नुसत्या कानानंच मेल्या. त्यामुळे मरणाकडे त्या जुन्या कारागिराच्या नजरेनं बघायच्या. समोरच्या वकिलांचे वडील खोकायला लागले की आम्ही डॉक्टरांना बोलवायला निघायचो, बाई कान देऊन ऐकायच्या आणि म्हणायच्या, "छे, हा मध्यंतराच्या आधीचा खोकला आहे. अजून अवकाश आहे." ते आजोबा पुढं कितीतरी वर्षं जगले आणि रोज खोकले.

पहिल्या बेलला त्या कधी दार उघडत नसत. "पहिल्या बेलला मोलकरीण येते, दुसऱ्या बेलला आई येते, नायिका तिसऱ्या बेलला येते," हा त्यांचा नियम. आता घरात मोलकरीण नव्हती, आईही नव्हती, आणि तिसऱ्या बेलपर्यंत उन्हात थांबण्याचा दम नागपूरच्या गॅसवाल्यात नव्हता. त्यांचं सिलिंडर आल्या पावली परत जायचं आणि त्या भाताचं पातेलं घेऊन वर माझ्या शेगडीपाशी यायच्या. मे महिन्यात गाव भट्टी झालेलं, कावळेसुद्धा चोची उघड्या टाकून बसलेले, पण चार वाजले की बाई पावडर लावून, रेशमी पातळ नेसून, उजवा गाल रस्त्याकडे करून व्हरांड्यात बसायच्या. डावा गाल त्यांनी मरेपर्यंत कोणाला नीट दाखवला नाही. भाजीवाल्या मावशीनं एकदा डाव्या बाजूला टोपली उतरवली, तर म्हणाल्या, "अगं, कॅमेरा इकडे आहे." मावशीनं मुकाट्यानं टोपली उचलून उजवीकडे ठेवली आणि कोथिंबिरीची जुडी वरून फुकट दिली. बोलणं तर असं निवडलेल्या तांदळासारखं की नागपुरात जन्मूनही 'मले-तुले' त्यांच्या तोंडी यायचं नाही. स्टुडिओतल्या मास्तरांनी छडी घेऊन ते काढून टाकलं होतं म्हणे. फक्त फार भीती वाटली किंवा मन फार भरून आलं की वरची शुद्ध मराठी पापडासारखी सुटून पडायची आणि खालची इथली भाषा वर यायची. माझ्यासमोर असं दोनदाच झालं. दोन्ही वेळा कारण मीच होते.

एवढं सगळं असून बाई नटी होत्या याला पुरावा काही नव्हता. ज्या गोदामात त्यांचे सिनेमे ठेवलेले होते ते जळालं. जुनी फिल्म कापरासारखी पेटते. एकाही सिनेमाची प्रत उरली नाही. घरात फोटो एकच होता, त्यात नायक नखशिखांत आणि त्याच्या खांद्यामागून बाईंचं अर्धं कपाळ आणि एक डोळा. मोहल्ल्यातली पोरं यायची, फोटो बघायची आणि विचारायची, "काय जी आजी, यात तुम्ही कुठं आहात?" बाई हसून बोटानं दाखवायच्या. पण एकदा मी त्यांना तो फोटो पुसताना पाहिलं. त्या नायकाचा खांदा पुसत होत्या, इतक्या जोरानं, की पुसून पुसून तो जरा बाजूला सरकेल.

आता माझं सांगते. त्या काळी माझ्या अंगात व्यवस्थितपणाचं वारं होतं. दुसऱ्यांच्या घरातल्या तसबिरी मी न विचारता सरळ करायचे. एकदा एका घरी सांत्वनाला गेले, तर आत रडारड चाललेली आणि मी दारात बसून साऱ्यांच्या चपला जोडीजोडीनं लावत होते. आमचे हे म्हणायचे, "तू स्वर्गात गेलीस तर आधी ढग आवरशील." मला तो गौरव वाटायचा. मूर्ख माणसाला आपल्या मूर्खपणाचं कौतुक ऐकू येतं ते असं.

मोहल्ल्यात टीव्ही नुकते आले होते. आमच्याकडेही एक आला, लाकडी दारांचा. आणि एके दिवशी मुंबईहून एक दिग्दर्शक आला. मऊ बोलणारा, चाळिशीतला, खांद्याला झोळी. एका जुन्या रहस्यकादंबरीवर तो सहा भागांची मालिका करत होता आणि सिव्हिल लाइन्समधला एक जुना बंगला त्यानं त्यासाठी ठरवला होता. लहानपणी त्यानं बाईंना विहिरीत मरताना पाहिलं होतं आणि थिएटरात इतका रडला होता की त्याच्या आईला सिनेमा सोडून त्याला घरी न्यावं लागलं. आता त्याला बाई हव्या होत्या. खून झालेल्या जमीनदाराच्या थोरल्या बहिणीचं काम, सहाही भागांत. तीच एकटी साक्षीदार. तिचं पालुपद एकच, "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय." बाईंनी तीन बेल होईपर्यंत त्याला उभं ठेवलं आणि दार उघडल्यावर पहिल्या वाक्यालाच हो म्हणाल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात बाईंचा चष्मा चार वेळा हरवला. दर वेळी त्या संवादांची चळत घेऊन वर यायच्या, "अगं, दोन पानं वाचून दाखव ना," आणि दर वेळी चष्मा त्यांच्या डोळ्यांवर असायचा. पाचव्या दिवशी त्या गच्चीवर आल्या आणि दोरीवर वाळत घातलेल्या यांच्या सदऱ्याला म्हणाल्या, "या ना, बसा. आज कचेरी लवकर सुटली?" सदरा बसला नाही. मी खात्री करावी म्हणून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि चक्क जीभ बाहेर काढली. बाई माझ्याकडे बघून प्रसन्न हसल्या. म्हणाल्या, "किती छान दिसतेस आज."

माझी जीभ तशीच बाहेर राहिली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. चार घरं सोडून डोळ्यांचे डॉक्टर होते, ते म्हणाले होते, "अजून पिकला नाही, पिकू द्या, मग काढू." त्या काळी तसंच असे. आंबे आढीत घालावेत तसे बाईंचे डोळे पिकत घातले होते. त्यांना उजेड दिसे, सावल्या दिसत, हलणारं काही दिसे. चेहरा नाही, अक्षर नाही, पायरी नाही. आणि चित्रीकरण पंधरा दिवसांवर.

"बाई, सांगून टाका त्यांना," मी म्हटलं.

"सांगते ना. ते उठून नमस्कार करतील, तब्येतीला जपा म्हणतील आणि मुंबईहून दुसरी आणतील."

"पण तुम्हाला दिसत नाही!"

"मला दिसलं नाही तरी चालेल गं. मी दिसले पाहिजे. एकदा. त्या पोरांना." मग त्यांनी माझा हात धरला आणि मी पहिल्यांदा त्यांची खालची भाषा ऐकली. "कोनाले सांगू नको वं. तुह्या नवऱ्यालेही नको. मले घाबरल्यासारखं होऊन राहिलं."

मी त्यांना शब्द दिला. माझ्यासारख्या बाईनं शब्द द्यावा आणि मग मदतही करावी, हे जरा जास्तच झालं.

मी स्वयंपाक करता करता संवाद वाचायचे आणि बाई ओट्यापाशी स्टुलावर बसून ते प्यायच्या. त्यांची स्मरणशक्ती म्हणजे लोणच्याची बरणी. घातलेलं वर्षभर टिके. पण जे घातलं ते सगळंच टिके. "त्या संध्याकाळी मी चहा घेऊन आले, तेव्हा भाऊसाहेब..." इथं माझ्या कुकरची शिट्टी झाली होती, म्हणून बाई इथं पुढं कायम थांबत, मान किंचित वळवत आणि मग म्हणत, "...जिवंत होते." पुढं दिग्दर्शक या थांबण्यावर फिदा झाला. "ही जागा कशी सापडली तुम्हाला?" त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, "साधनेनं." साधना तीन लिटरची होती.

मुख्य प्रवेश दिवाणखान्यातला. सगळे संशयित बसलेत, इन्स्पेक्टर उभा आहे, थोरली बहीण दारातून येते, मेलेल्या भावाच्या आरामखुर्चीपर्यंत चालत जाते, शेजारच्या तिपाईवरचा कप उचलते, वास घेते आणि म्हणते, "हा कप आमच्या घरातला नाही." आम्ही दोघी वास्तूला नमस्कार करायचा म्हणून चित्रीकरणाच्या आदल्या दिवशीच बंगल्यावर गेलो आणि बाईंनी ती खोली पावलांनी मोजली. उंबरठ्यापासून नऊ पावलं. नवव्याला डावा हात खुर्चीच्या पाठीवर, उजवा हात नुसता खाली सोडला की तिपाई. घरी येऊन माझ्या बैठकीत तशीच खुर्ची, तशीच तिपाई मांडून त्या संध्याकाळी तीसेक वेळा चालल्या. मधेच हे कचेरीतून आले, काही कल्पना नसताना त्या खुर्चीत बसले आणि चहा तिपाईवर ठेवला. बाई दारातून आल्या, नऊ पावलं टाकली, यांचा कप उचलला, वास घेतला आणि यांच्या डोक्यावरून बघत खर्जात म्हणाल्या, "हा कप आमच्या घरातला नाही." यांनी पुढचे दोन दिवस चहा बाहेरच घेतला.

पहिले दोन दिवस निभावले. मी "बाईंची सोबत" म्हणून बरोबर जायचे. डावीकडे पायरी असली की एकदा खोकायचे, उजवीकडे असली की दोनदा. इतकी खोकले की तिथल्या लोकांनी मला सुंठ आणून दिली. इन्स्पेक्टर झालेल्या नटानं हात जोडले ते बाईंना दिसले नाहीत आणि त्या तशाच पुढं निघून गेल्या; तो दिवसभर सगळ्यांना सांगत होता, "काय रुबाब आहे बघा जुन्या लोकांचा!" मी घरी येऊन गार पाण्यात पाय बुडवून बसायचे. बाई मात्र दहा वर्षांनी लहान दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी परत येताना सायकलरिक्षात त्या गुणगुणत होत्या.

तिसऱ्या दिवशी दिवाणखान्याचा प्रवेश. तालीम दोनदा झाली, दोन्ही वेळा बाईंचा हात घारीसारखा कपावर उतरला. कॅमेरा सरकवला, दिवे बसवले आणि ऐन वेळी वीज गेली. मार्चची दुपार, कूलर थांबले, खोली तापली. दिग्दर्शक म्हणाला, "जेवून घ्या सगळे." मंडळी मागच्या अंगणात गेली. बाईंना मी पानावर बसवलं आणि त्यांची पिशवी आणायला आत आले.

खोलीत मी एकटी. आणि काय ती खोली! झटापट झालेली दाखवायची म्हणून गालिचा दुमडलेला, पुस्तकं जमिनीवर, राखदाणी कलंडलेली, तिपाई खुर्चीशेजारी पण वाटेवर आलेली, कपात तपकिरी पाणी आणि त्या पाण्यात माशी. मला माहीत होतं हो, की हे खोटं घर आहे. पण पसारा खरा होता! मी स्वतःला बजावलं, हात लावायचा नाही. मग वाटलं, निदान माशी तरी काढावी. माशी काढली तर कप धुवावाच लागतो. बंगल्याच्या मोरीत राख होती, फळी होती. कप गेला तर रिकामी तिपाई वाटेत कशाला, कोणी अडखळायचं, म्हणून ती भिंतीशी सरकवली. गालिचा सरळ केला. पुस्तकं उंचीप्रमाणे लावली. दारात उभं राहून एकदा सगळ्यावर नजर फिरवली आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. कोणी अडखळायचं, हे शब्द माझ्या डोक्यात आले, आणि कोण, हा प्रश्न आला नाही.

वीज आली तशी धांदल उडाली. "चला चला, परत जायच्या आत घ्या!" ज्या गृहस्थांच्या वहीत कुठली वस्तू कुठं हे लिहिलेलं असायचं, ते अजून हात धूत होते. कॅमेरा बाईंच्या चेहऱ्यावर होता. सामानाकडं बघायला कोणाला वेळ नव्हता. आवाज टिपायचा म्हणून पंखे, कूलर बंद झाले. पाती गरगरत हळू झाली, थांबली, आणि अशी शांतता पसरली की स्वतःच्या घामाचा थेंब पडलेला ऐकू यावा. बाई दारात उभ्या राहिल्या, उजवा गाल दिव्याकडे. त्यांनी पहिलं पाऊल टाकलं.

आणि मला तिपाई दिसली. भिंतीशी. मी ठेवली तिथं.

दुसरं पाऊल. ओरडावं तर बाईंचं बिंग फुटणार. तिसरं. ओरडू नये, तर बाई पडणार. चौथं. खोकावं? एकदा म्हणजे डावी पायरी, दोनदा म्हणजे उजवी. 'तिपाई गेली' याला आमच्याकडे खोकला ठरलेला नव्हता. पाचवं. सहावं, सातवं. बाई अशा चालत होत्या की त्या बंगल्याची प्रत्येक फरशी त्यांच्या ओळखीची वाटावी. आठवं. मी पदर तोंडात कोंबला. नववं. डावा हात खुर्चीच्या पाठीवर बरोबर टेकला. उजवा हात खाली सोडला.

तो हवेतच राहिला.

किती वेळ, ते आता सांगता यायचं नाही. बोटं थोडी उघडली, कप असायला हवा होता त्या जागेला त्यांनी अगदी हळू स्पर्श केला, आणि तिथं काही नव्हतं. बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कुठल्याही सिनेमात पाहिलेलं नाही. मग त्यांनी मान वर केली आणि शांत आवाजात म्हणाल्या, "इथं तिपाई होती."

हे वाक्य कादंबरीत नव्हतं. पण इन्स्पेक्टर नाटकातला मुरलेला; त्यानं लगेच विचारलं, "कोणी हलवली असेल?"

बाईंनी पायानं गालिचा चाचपला. सरळ होता. "पुरुषानं नाही," त्या म्हणाल्या. "खून करून जाताना गालिचा सरळ करायची बुद्धी पुरुषाला होत नाही. इथं कोणी तरी बाई येऊन गेली. चांगल्या घरची. अतिशय व्यवस्थित." आणि प्रत्येक शब्द चावून, "अतिशय मूर्ख."

मी दाराआड भिंतीला पाठ लावून खाली बसले. खुनी सापडला होता.

"कट," दिग्दर्शक म्हणाला. दोन-तीन जणांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं वाजवल्या नाहीत. तो भिंतीकडे बघत होता, मग बाईंकडे, मग परत भिंतीकडे. तिपाई तिथं होती, बाईंच्या समोर, चार हातांवर, लख्ख उजेडात.

"बाई," तो हळूच म्हणाला, "पुढचा प्रवेश जरा वाचून दाखवता?" आणि झोळीतून एक कागद काढून त्यांच्या हातात दिला.

बाईंनी कागद बरोबर अंतरावर धरला. चष्मा सारखा केला. आणि पुढचा प्रवेश असा वाचला की इन्स्पेक्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. एक शब्द इकडचा तिकडं नाही, कुकरच्या शिट्टीची जागासुद्धा चुकली नाही. मी उठून त्यांच्यामागं येऊन उभी राहिले होते. मला कागद दिसत होता. त्यावर लिहिलं होतं, उद्याचं जेवण: वांग्याची भाजी, वरण, पोळ्या, मठ्ठा.

दिग्दर्शकानं कागद परत घेतला, चार घड्या घातल्या. कोणी हसलं नाही. बाईंना त्या शांततेवरून कळलं.

"तिपाई मी हलवली," मी म्हटलं. "कपपण मीच धुतला."

"आपण बाईंच्या कोण?" त्यानं विचारलं.

माझ्याकडे एकच उत्तर होतं. "भाडेकरू."

तो बाईंच्या पायाशी बसला. "पुढं जिन्याचा प्रवेश आहे, बाई. विहिरीच्या काठाचा आहे. मी तुम्हाला पडू देऊ शकत नाही."

"मी चौदा वेळा मेले आहे."

"तेव्हा मी लहान होतो. मला थांबवता आलं नाही."

असं तो बोलला, आणि त्याचं बरोबर होतं, म्हणूनच बाईंना त्याच्याशी भांडता येईना. त्यानं कथा बदलली. थोरली बहीण दुसऱ्या भागाच्या शेवटी त्याच खुर्चीत, त्याच विषानं मरते असं ठरवलं. बाईंच्या सहा भागांचे दोन झाले. तिपाई जागेवर आली, कप आला, माशीसुद्धा शोधून आणली. बाईंनी तो प्रवेश परत केला, बिनचूक, आणि दुसऱ्या दिवशी पंधराव्यांदा मेल्या. एका दमात. दिग्दर्शकानं तोंड फिरवलं होतं.

मी महिनाभर खाली उतरताना चपला हातात घ्यायचे. बाई भाताला वर आल्या नाहीत. कुठं काय शिजवत होत्या कोण जाणे. एकदा मी जाऊन बेल वाजवली. तीनदा वाजवली. दार उघडलं नाही.

मालिकेचा दुसरा भाग लागला त्या संध्याकाळी मात्र त्या स्वतःच वर आल्या. कठडा धरून, रेशमी पातळ नेसून. अख्खा मोहल्ला आमच्या बैठकीत होता. वकील, खोकणारे आजोबा, भाजीवाल्या मावशी, आणि 'तुम्ही कुठं आहात' विचारणारी सगळी पोरं पुढच्या रांगेत. मी बाईंना टीव्हीसमोर बसवायला गेले, त्या म्हणाल्या, "मागे. दाराशी." आणि तिथं भिंतीला टेकून बसल्या, डोळे मिटून.

तो प्रवेश आला. दार, बाई, पावलं. मी मनात मोजू लागले. नवव्या पावलाला डावा हात खुर्चीवर टेकला, उजवा खाली आला, आणि हवेत राहिला. दिग्दर्शकानं पहिलंच चित्रण ठेवलं होतं! खुनी कादंबरीत पुरुष होता, म्हणून पुढची वाक्यं कापली होती. पण तो हात ठेवला होता, तो चेहरा ठेवला होता, आवाज नाही, संगीत नाही, नुसता तो रिकामा हात. आमच्या बैठकीत कोणी हललं नाही. आजोबांचा खोकलासुद्धा थांबला. मग चित्र बदललं आणि एक पोरगं भानावर येऊन म्हणालं, "काय जी आजी! तुम्ही तर खरंच..."

आता त्या घराच्या जागी चार मजली दवाखाना आहे. बाई उजवा गाल करून बसायच्या तिथं रक्ताचे नमुने घेतात. मी मधुमेहासाठी तीन महिन्यांनी जाते आणि तिथली मुलगी दंड बांधते तेव्हा मी तिला डावीकडून येऊ नको म्हणते. त्यांचा मोतीबिंदू पुढं पिकला, काढला, जाड भिंगं आली. पण ती मालिका पुन्हा कधी लागली नाही, आणि बाईंनी स्वतःला त्यात काही पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं म्हणाल तर तेवढं एकदाच, आमच्या बैठकीत, डोळे मिटून.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी कप गोळा करत होते आणि रडत होते, कारण चार भाग माझ्यामुळे गेले हे मला तेव्हा, ते चित्र बघून, नीट कळलं. रडतारडता सवयीनं मी बैठकीतली तिपाई उचलून तिच्या जागी ठेवायला निघाले. पाय घासल्याचा आवाज झाला. बाईंनी मान वळवली, माझ्याकडे नाही, माझ्या शेजारच्या कपाटाकडे, आणि दुसऱ्यांदा आणि शेवटचं, त्या भाषेत मला म्हणाल्या:

"काहून रडून राहिली वं? लोकं माह्यासाठी रडले, शिट्ट्या मारल्या, पैसे फेकले पडद्यावर. पण दम रोखून कोनी बसलं नव्हतं कधी. आज सारी खोली बसली होती, मी आयकलं. आता रडनं बंद कर, अन् ते तिपाई हाये तिथंच ठेव. मले उठाचं हाये, पावलं मोजून ठेवले मी."